पत्र्याचं शेड आणि तलाठ्याची यादी

दर हिवाळ्यात मी इथल्या विद्यार्थ्यांचा एक तास घेते. त्यांना कोऱ्या माळरानाचा एक नकाशा देते आणि सांगते, उद्या सकाळी इथे पाच हजार माणसं येणार आहेत, त्यांची सोय करा. मुलं हुशार असतात. मदतकार्याची मानकं सांगणारं 'स्फीअर' नावाचं जे पुस्तक जगभर वापरलं जातं, ते समोर उघडून ती हिशेब मांडतात. रस्ते, शाळा, दवाखाना धरून माणशी ४५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५५ एकर जमीन. डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशी निदान साडेतीन चौरस मीटर. दिवसाला १५ लिटर पाणी. २० माणसांमागे एक संडास, म्हणजे अडीचशे संडास. अडीचशे माणसांमागे एक नळ, म्हणजे वीस नळ. तासाभरात नकाशावर सुंदर रांगा उभ्या राहतात.

मग मी विचारते, कोण कुणाच्या शेजारी राहणार? आणि आलेल्या माणसांची यादी कोण लिहिणार? वर्गात थोडी चुळबुळ होते. यादी म्हणजे कारकुनी काम, त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं बहुतेकांना वाटतं. मला ते तसं वाटत नाही, याचं कारण माझ्या आजोळी आहे.

आपल्याच देशात, सरहद्द न ओलांडता ज्यांना घरदार सोडावं लागतं, त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९८ साली मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. सुदानचे मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यात युद्धाने उठलेले लोक आहेत, तसेच पुराने आणि भूकंपाने उठलेलेही आहेत. मराठीत त्यांना 'अंतर्गत विस्थापित' म्हणायचं. पण हा शब्द मी मंत्रालयाच्या कागदाबाहेर कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. सरकार आपल्याकडे आपत्तीचं नाव लावून माणसं ओळखतं: पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. लोक स्वतःबद्दल बोलतात ते वेगळंच. 'गाव उठलं' म्हणतात. या क्रियापदाला बराच जुना इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेग आला तेव्हा मराठी मुलखात गावंच्या गावं उठली. घरात उंदीर मरून पडला की लोक भांडीकुंडी, दाणागोटा, गुरं घेऊन रानात जायचे आणि कुडाच्या, कडब्याच्या झोपड्या घालून साथ ओसरेपर्यंत दोन-चार महिने तिथेच काढायचे. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजी-खापरपणजीच्या आठवणींत 'रानात राहायला गेलो होतो' हे वाक्य असेल. या झोपड्यांचे नकाशे कुणी काढले नाहीत. ज्याचं शेत तिथे त्याची झोपडी, भावकी जवळ, विहीर ज्याची त्याची. आणि गावकुसाबाहेरची वस्ती रानातही बाहेरच. ते दुखणं लोकांनी सोबत नेलंच. पण गाव रिकामं करणं हा प्लेगवरचा चांगला उपाय आहे, हे पुढे सरकारी डॉक्टरांनीही मान्य केलं.

त्याच वेळी पुण्यात सरकारी छावणी होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली. गोरे सोल्जर घरात शिरून रोगी शोधायचे. रोग्याला इस्पितळात न्यायचे आणि त्याच्या घरच्यांना शहराबाहेरच्या विलगीकरण छावणीत. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ही गोष्ट आपल्याला शाळेतच कळते. छावणीत मात्र आपला इतिहास फारसा शिरत नाही. लंडनच्या वेलकम संग्रहात मुंबईच्या प्लेगचे फोटो आहेत. त्यांत छावण्यांच्या सरळ रांगा दिसतात, चुन्याने आखल्यासारख्या. माझ्या विद्यार्थ्यांच्या नकाशाशी त्या इतक्या जुळतात, की पहिल्यांदा पाहिल्यावर मी बराच वेळ तो फोटो बाजूला ठेवू शकले नाही. सरकारी कागदांत या छावण्यांचे तक्ते सापडतात: किती आले, किती सोडले, किती दगावले. शेजारी कोण होतं, हे त्यांत नसतं.

म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्याचे दोन नमुने आपल्याकडे तेव्हापासूनच आहेत. एक लोकांनी आपापल्या बुद्धीने उभा केलेला, आपले गुणदोष घेऊन. दुसरा अधिकाऱ्याने आखलेला. पुढच्या शंभर वर्षांत दुसराच चालत राहिला. तो सोल्जरांच्या हातून कलेक्टरांच्या हातात आला आणि पुष्कळ माणुसकीचा झाला, हेही खरं.

पुण्याचा पानशेत पूर हा त्याचा पहिला मोठा स्वतंत्र भारतातला, निदान महाराष्ट्रातला, धडा. १२ जुलै १९६१ च्या सकाळी आंबी नदीवरचं, काम पुरतं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली, म्हणून ते रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि हजारो जीव वाचले, असं पुणेकर आजही सांगतात. पाणी ओसरल्यावर माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांच्या माडीवर. पुनर्वसनाच्या कामाला सदाशिव गोविंद बर्वे आले. ते पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त होते, शहर त्यांना पाठ होतं. शाळा पुन्हा सुरू करायच्या तर माणसं कुठेतरी हलवणं भाग होतं. मग गोखलेनगरसारख्या, तेव्हा गावाबाहेर मानल्या जाणाऱ्या भागांत पत्र्याच्या अर्धगोल निसन हट उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पीटर निसन नावाच्या अधिकाऱ्याने सैनिकांसाठी बेतलेली ती रचना. मधोमध कापलेला पिंप आडवा ठेवावा तशी. नारायण पेठेतल्या, शनिवारातल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला त्या गोल भिंतीला कपाट टेकवता येईना, देव्हारा टांगता येईना. ही लहान तक्रार वाटते. पण ज्यांच्यासोबत राहायचं त्यांच्या यादीत नाही, त्या निवाऱ्याच्या आकारातही आपण नाही, हे कळायला कपाट पुरतं.

निसन हट तात्पुरत्या होत्या. त्यातल्या काही लोकांच्या दोन पिढ्यांनी पाहिल्या. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांना सरकारने जमिनी दिल्या त्या भाडेपट्ट्याने. अशा १०३ संस्थांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही शासनदरबारी फिरत होता. पूर एका दिवसाचा, आणि 'पूरग्रस्त' हा शब्द नातवाच्या खरेदीखतापर्यंत. सहकारनगरात किंवा लोकमान्यनगरात लहानपण गेलेले वाचक या पानावर नक्की असतील. त्यांना हे मी सांगायला नको.

आता किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरचा तो भाग भूकंपाचा मानलाच जात नव्हता. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर दिलेलं माळवद, असं तिथलं घर. उन्हाळ्यात थंड राहणारं. तेच अंगावर आलं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. ५२ गावं अशी होती की ती पुन्हा त्याच जागी बांधायची नाहीत, नव्या जागी वसवायची असं ठरलं. शरद पवार मुख्यमंत्री होते, लातूरला प्रवीणसिंह परदेशी कलेक्टर. त्यांच्या कामाच्या झपाट्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि ते रास्त आहे. परदेशातल्या मराठी मंडळींनीही तेव्हा पैसे, कपडे, औषधं पाठवली. तुमच्या घरातही त्या दिवसांची आठवण असेल.

माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. मी चार वर्षांची होते, पुण्यात होते. माझ्या आजोळघरातली तीन माणसं गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. जी राहिली ती शेडात गेली. 'शेड' हा तिथला शब्द. आजही आजोळी काळ मोजायचा तर 'भूकंपाच्या आधी', 'शेडात असताना' आणि 'नव्या गावात आल्यावर' असे तीन काळ आहेत. व्याकरणातल्या तीन काळांपेक्षा हे पक्के.

शेड म्हणजे लोखंडी सांगाडा आणि पन्हाळी पत्रे, चारी बाजूंनी. एकेका गावाच्या शेतात अशा रांगाच रांगा. मला आठवतो तो आवाज: पाऊस आला की आतलं बोलणं ऐकू येत नसे, आजी आणि मामी हातवारे करून स्वयंपाक करत. उन्हाळ्यात दुपारी पत्रा इतका तापायचा, की माणसं आत थांबत नसत, लिंबाखाली जायची. पण त्याच पत्र्याबद्दल आजी कधी वाईट बोलली नाही. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, एवढं तिला पुरे होतं. मराठवाड्यातल्या ज्या घरांना तडाही गेला नव्हता, त्यांतली माणसंसुद्धा त्या साली कित्येक महिने बाहेर अंगणात झोपत होती.

आणखी एक गोष्ट आजी सांगायची. 'शेड समद्यांला सारकंच व्हतं.' पाटलाला तेवढंच, मजुराला तेवढंच. मी हे संशोधक म्हणून ऐकलं ते फार उशिरा, आणि तेव्हा मला पुढचा कागद माहीत होता, म्हणून दचकले. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ साली सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात, स्थलांतरित गावांतल्या पक्क्या घरांचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. त्यापुढच्यांना ७५०. मोठा वाडा पडलेल्याला अगदीच खुराडं देऊ नये, असा त्यामागचा विचार. तो समजण्यासारखाही आहे. पण भूकंपाने एका फटक्यात सपाट केलेली गावाची उतरंड सातबाऱ्यावरून पुन्हा सिमेंटमध्ये उभी राहिली, हेही तितकंच खरं. समता नांदली ती शेडात, नाइलाजाने, दीड-दोन वर्षं.

नव्या गावांचे नकाशे मी पाहिले आहेत. रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते, मोकळ्या जागा. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा, आणि तो बहुतेक कसणाऱ्या जमिनीवर. जुन्या गल्लीत म्हातारी ओट्यावर बसल्या बसल्या चार घरांवर नजर ठेवायची. इथे शेजारच्या घरी जायला चप्पल घालावी लागते, असं मामी म्हणते. बरीच गावं देणगीदार संस्थांनी बांधली, त्यांच्या त्यांच्या आराखड्याने. ज्या गावांत जागच्या जागी दुरुस्ती करायची होती तिथे मात्र वेगळं घडलं. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता कधी मिळतो, भिंतीला पट्टा कसा बांधायचा, सिमेंट किती लागतं, हे त्या समजून घेत आणि घरोघर सांगत. इंजिनिअरला अडवून प्रश्न विचारणारी बाई त्या भागात तेव्हा नवी होती. किल्लारीतून जगाने काही उचललं असेल तर हे, आरसीसीची घरं नव्हेत, असं माझं मत आहे.

माझं आजोळ मात्र स्थलांतरित गावांत होतं. आणि आता यादी.

माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, मामाची काकू, तरुणपणी विधवा झाली. तिला मूल नव्हतं. जुन्या गावात आमच्याच वाड्याच्या मागच्या अंगाला तिची एक खोली होती. चूल वेगळी, तिखटमीठ वेगळं, दाराला कुलूप वेगळं. नवऱ्याच्या वाट्याची जमीन होती, पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलंच नव्हतं. भूकंपानंतर चार-सहा दिवसांनी तलाठी शेडांसाठी कुटुंबांची यादी करायला आला. गावात अजून ढिगारे उपसणं चालू होतं. त्याने मामाला विचारलं, ही कोण? मामा म्हणाला, ती आमच्यातच आहे.

ते वाक्य त्याने प्रेमाने उच्चारलं होतं. तीन माणसं गमावलेल्या घराने चौथ्या माणसाला एकटं शेडात कसं सोडायचं? काकूआजीनेही मान हलवली. यादीत एक ओळ कमी झाली. तिला वेगळं शेड नाही मिळालं, त्याची तेव्हा गरजही वाटली नाही. सगळे एकमेकांना धरूनच झोपत होते.

पण पुढे पक्क्या घरांचे लाभार्थी ठरवायची वेळ आली तेव्हा आधी हाताशी असलेले कागदच वापरले गेले. शेडाची यादी, रेशनकार्ड, सातबारा. एव्हाना शहाण्या घरांनी कार्डं विभक्त करून घेतली होती. चार भावांची चार कुटुंबं झाली. आमच्या घराला ते सुचलं नाही, आणि काकूआजी कुठल्याच कागदावर वेगळी नव्हती. तिला भूमिहीन म्हणून अडीचशे फुटांचं घर मिळू शकलं असतं. तिने एकदाच विचारलं, माझी खोली कुठंय? मामा त्यानंतर उमरग्याला चार-पाच खेटे घालून आला. मुदत संपली होती. मामाने मग शेडाचे पत्रे आणले आणि नव्या घराच्या मागे तिला खोली करून दिली. चूल वेगळी, कुलूप वेगळं. ती २००६ साली वारली. तोपर्यंत त्याच पत्र्याखाली राहिली.

आजच्या प्रशिक्षणात हे शिकवतात: विधवांची, एकट्या म्हाताऱ्या माणसांची नोंद वेगळी घ्या, कुटुंबप्रमुखाला विचारून थांबू नका. २००५ नंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यवस्थेत छावण्यांचं व्यवस्थापन हा एक स्वतंत्र विभागच झाला. युद्धाने उठलेल्यांसाठी निर्वासित उच्चायुक्तालय, नैसर्गिक आपत्तीसाठी स्थलांतर संघटना अशी जबाबदारीही वाटली गेली. पुस्तकं चांगली आहेत. पण ती पुस्तकं वाचताना मला वाटतं, त्या तलाठ्याने काकूआजीला वेगळं विचारलं असतं तरी ती काय म्हणाली असती? मामासमोर, त्या दिवसांत, 'मी वेगळी' हे शब्द तिच्या तोंडून आले असते का? यादी एकदा नाही, तीनदा करायला हवी होती. पहिली अंगावरचं पांघरूण वाटण्यापुरती, आणि ती फाडून टाकायची. दुसरी माणसं रडून झाल्यावर. तिसरी पक्क्या घराआधी, बायकांना बाजूला घेऊन. तात्पुरत्या निवाऱ्यातली सगळ्यात पक्की गोष्ट त्या पहिल्या घाईतली यादी असते. पत्रे गंजले, ती गंजली नाही.

पत्र्यांची जागा आता कंटेनरनी घेतली आहे. २०२१ मध्ये महाडजवळचं तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. दरड आली, वाचलेल्यांना कंटेनरमध्ये ठेवलं. बातम्यांत त्यांच्या रांगा पाहिल्या की मी आधी आकड्यांचा हिशेब करते, सवयीने. मग एखादी एकटी म्हातारी बाई कॅमेऱ्याच्या कडेला दिसते का, ते बघते.

गेल्या वर्षी आजोळी गेले होते. मामा आता सत्तरीचा आहे. मी शिकवते ते त्याला मी पहिल्यांदाच नीट सांगितलं: नकाशा, नळ, संडास, यादी. तो ऐकून घेत होता. काकूआजीच्या खोलीत आता कडबा असतो. एका पत्र्यावर शेडाचा नंबर अजून वाचता येतो, काळ्या रंगात. मी म्हटलं, "मामा, हे पत्रे बदला आता, पावसाळ्यात गळत असतील."

"गळतेत की," मामा म्हणाला. "दरसाल म्हणतो काढू म्हणून."

मामीने आतून सांगितलं की चहा झालाय, तेव्हा आम्ही उठलो.